खोक्यावरचा ससा किती खरा?

मंजिरी_सांगली
आमच्याकडे केसांचा रंग आणि शॅम्पू दोन्ही गार्नियरचे येतात. रंग सासूबाईंना, शॅम्पू सगळ्यांना. मार्च २०२१ मध्ये गार्नियरला 'लीपिंग बनी'ची मान्यता मिळाली. उडी मारणाऱ्या सशाचं हे चिन्ह म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही याची खूण. त्यामुळे मी निर्धास्त होते.

परवा लेकीने विचारलं, "गार्नियर लॉरिआलचं ना? मग लॉरिआल चीनमध्ये काय विकतं?" शोधत बसले. चीनने १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांना, म्हणजे शॅम्पू-कंडिशनर वगैरेंना, काही अटींवर प्राणीचाचणीतून सूट दिली. पण केस रंगवणं, कुरळे करणं आणि केसगळती थांबवणं यासाठीची उत्पादनं तिथे 'विशेष' गटात धरतात, त्यांना ती सूट नाही. आणि लॉरिआल पॅरिसचे केसांचे रंग चीनमध्ये विकले जातात.

माझ्या मते मालक एकच असेल तर त्याच्या एका ब्रँडला क्रौर्यमुक्त म्हणणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. पटत नसेल तर का ते सांगा.

रसायनवाला
मंजिरीताई, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. वीस वर्षं प्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या तपासणीत घालवली आहेत, म्हणून लिहितो.

एक तर गार्नियर स्वतः २०१४ सालीच चीनमधून बाहेर पडलं. दुसरं, लीपिंग बनी नुसत्या सहीवर मिळत नाही. कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते. त्या तारखेनंतर तयार माल, घटक किंवा पुरवठादार, कुठेही प्राणीचाचणी चालत नाही, आणि बाहेरचे लोक येऊन कागद तपासतात. गार्नियरला यासाठी ५०० हून अधिक पुरवठादारांकडून ३००० च्या वर घटकांची हमी गोळा करावी लागली. एका घटकाचं प्रमाणपत्र मिळवताना किती पत्रं लिहावी लागतात ते मला माहीत आहे. एवढं केल्यावर 'मालक वाईट' म्हणून सगळं धुडकावलं, तर दुसरी कुठली मोठी कंपनी हा खटाटोप करेल?

पैसा_कुठे_जातो
घटक ३००० असोत की ३ लाख, खोक्याचे पैसे शेवटी एकाच खात्यात जातात. २००६ साली लॉरिआलने प्राणीचाचणीला विरोध करणारं 'द बॉडी शॉप' घेतलं तेव्हाही हाच वाद झाला होता. दुकानं तीच, धोरण तेच, तरी कित्येकांनी तिथे जाणं सोडलं. २०१७ मध्ये ते ब्राझीलच्या नातुराला विकलं. लोकांना मालकाने फरक पडतो आणि तो पडायलाच हवा.

कोथरूडचे_काका
मी सत्तरीत आहे, जरा मागचं सांगतो. पुण्यात 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था १९७४ पासून आहे. मूळ चळवळ इंग्लंडमधली, १९५९ ची, लेडी म्युरियल डाउडिंग यांची. आमच्या बहिणीने त्यांची माहिती वाचून चाळीस वर्षांपूर्वी लिपस्टिक सोडली, ती कायमची.

तेव्हा ससा म्हणजे खोक्यावरचं चित्र नव्हतं. १९४४ सालापासून ड्रेझ चाचणी चालायची. जिवंत सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि काही दिवस बघत राहायचं. शॅम्पूचा संबंध इथेच येतो, कारण फेस डोळ्यांत जातोच. १९८० मध्ये अमेरिकेत प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन विचारलं की सौंदर्यासाठी रेव्हलॉन ही प्रसाधन कंपनी किती ससे आंधळे करते. त्यानंतर रेव्हलॉनने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला पैसे दिले.

म्हणून पैसा_कुठे_जातो यांना सांगतो, स्पायरांनी रेव्हलॉन बंद पाडायला नव्हे, बदलायला भाग पाडलं. गार्नियर बदललं असेल तर ते घ्यावं आणि लॉरिआल पॅरिसचा रंग घेऊ नये. दुकानदाराला आणि कंपनीला दोन्हींतला फरक कळू द्यावा.

रसायनवाला
काका, नमस्कार. एक भर घालतो. पर्याय नुसते कागदावर नाहीत. लॉरिआलच्याच एपिस्किन या कंपनीत माणसाच्या पेशींपासून त्वचेचा थर वाढवतात, शस्त्रक्रियेत उरलेली आणि दान केलेली त्वचा त्यासाठी वापरतात. पण प्राणी न वापरता म्हणून सांगितल्या जाणाऱ्या डोळ्यांच्या चाचण्यांत कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांवर होणारीही एक आहे. जिवंत जनावराला त्रास नाही हे खरं, पण आपल्याकडे किती घरांत हे सांगून तो शॅम्पू विकता येईल? 'क्रौर्यमुक्त' म्हणजे 'शाकाहारी' नव्हे. मध, लोकर-मेण, केराटिन असलेल्या उत्पादनावरही ससा असू शकतो.

वकिलीण_ठाणे
सगळे चीनवर बोलताय, जरा आपल्या घरात बघा. भारतात प्रसाधनांची प्राणीचाचणी मे २०१४ मध्येच बंद झाली आणि अशी चाचणी केलेल्या मालाची आयात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. आताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांतही तेच आहे. म्हणजे इथे बनलेल्या कुठल्याही तेलाच्या बाटलीवर 'प्राण्यांवर चाचणी नाही' लिहिणं म्हणजे कायदा पाळला एवढंच सांगणं. माका-जास्वंदाच्या तेलावर स्वतः रेखाटलेला ससा छापून दीडपट किंमत घेणारे ब्रँड मला गार्नियरपेक्षा जास्त खटकतात. त्यांच्यामागे ना तपासणी, ना तारीख. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. 'नैसर्गिक', 'हरित' यांच्या पंक्तीत 'क्रौर्यमुक्त' शब्दही त्यांत आहे, आणि असे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत असं सांगितलं आहे. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन क्रमांक १९१५.

पैसा_कुठे_जातो
वकिलीणबाई, कायद्याचं ऐकून बरं वाटलं, पण कायद्यालाही भोक असतं. युरोपने मार्च २०१३ मध्ये प्राण्यांवर चाचणी झालेली प्रसाधनं विकायलाच बंदी केली. तरी तिथल्या रसायन कायद्याने, कामगारांची सुरक्षा म्हणून, सिमराइज या जर्मन कंपनीला सनस्क्रीनमधल्या दोन घटकांच्या प्राणीचाचण्या करायला सांगितलं. कंपनी कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. ते घटक फक्त प्रसाधनांत वापरले जात होते, तरीही. मग कुठल्या बाटलीला खात्रीने स्वच्छ म्हणाल?

रसायनवाला
शंभर टक्के स्वच्छ काहीच नाही, हे मीही मान्य करतो. केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाच्या विषारीपणाची जुनी माहिती मुळात प्राण्यांवरूनच आलेली आहे, आणि ती आज कुठलाही ब्रँड पुसू शकत नाही. म्हणून तर तारीख ठरवतात: इथून पुढे नाही. आणि ज्यांना वाटतं काळी मेंदी वापरली की सुटलो, त्यांनी पाकिटावरचे घटक वाचा. बऱ्याच काळ्या मेंदीत पीपीडी असतंच.

शिकेकाई_रिठा
मी कधीच या फंदात पडले नाही. शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्री भिजत घालते, सकाळी उकळते. केस पांढरे आहेत ते पांढरे ठेवले आहेत.

मंजिरी_सांगली
ताई, तुमचा हेवा वाटतो. पण सासूबाई रंग सोडणार नाहीत, आणि ७४ व्या वर्षी त्यांना त्यासाठी टोचत राहणं मला योग्य वाटत नाही.

चर्चेतून माझं मत अर्धं बदललं. गार्नियरचा ससा खोटा आहे हे मी मागे घेते. 'मालकाने फरक पडत नाही' हे मात्र अजूनही मान्य नाही, कारण चीनमधल्या चाचणीबद्दल लॉरिआल स्वतः हेच सांगते की आम्ही करत नाही, काही देशांतली सरकारी यंत्रणा करते. तिथे माल विकायचा निर्णय तर कंपनीचाच आहे ना?

आज लेकीने आणि मी दोन पत्रं लिहिली. एक लॉरिआलच्या भारतातल्या ग्राहक सेवेला: चीनमध्ये केसांचे रंग विकणं कधी थांबवणार? त्यांचा कारखाना आपल्या चाकणला आहे, म्हणून पत्र मराठीतच लिहिलं. दुसरं, ज्यांचं जास्वंदीचं तेल मी घेते त्या इथल्या छोट्या ब्रँडला: तुमचा ससा कोणी तपासला, आणि कुठल्या तारखेपासून? उत्तरं आली की इथेच टाकते.

पैसा_कुठे_जातो
टाका. तोवर मी त्यांचं काही घेणार नाही.