आमिश वस्तीतला खून: बटण चालेल का?

रातकिडा:
रहस्यकथा लिहितोय, स्थळ अमेरिकेत ओहायोतली होम्स काउंटी. तिथल्या आमिश (जुन्या पद्धतीने, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) सुताराचं प्रेत गोठ्यात सापडतं, मुठीत काळ्या कोटाचं तुटलेलं बटण. राखाडी बग्गीतून पळणारा मिशाळ माणूस शेजारणीने पाहिलाय. मी तिकडे कधी गेलेलो नाही, सगळं वाचीव ज्ञान. कुठे फसतंय?

कोलंबसवाली:
बटणावरच की हो! कोलंबसला राहते, चीज आणायला वर्षातून दोनतीनदा तिकडे चक्कर असते. त्यांच्या शर्टांना बटणं असतात, पण रविवारच्या कोटाला आपल्या ब्लाउजसारखे हूक. तरी बटण काढू नका. खुनी बाहेरचा, म्हणजे त्यांच्या बोलीत 'इंग्लिश', असं वाटावं म्हणून कुणी मुद्दाम ठेवलं असेल तर?
बग्गी मात्र काळी करा, राखाडी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे. आणि मिशी?? लग्न झालेला आमिश पुरुष दाढी राखतो, मिशी सफाचट.

फिरस्ता:
मोबाईल नाही, कॉल रेकॉर्ड नाही. तपास काय, कंदील घेऊन करणार?

कोलंबसवाली:
फोन असतो हो. घरात नाही, रस्त्याकडेच्या लाकडी खोपटात, बऱ्याचदा तीनचार घरांत मिळून एक. रेकॉर्ड मिळेल, पण बोललं कोण ते कळणार नाही. लेखकाला आणखी काय हवं!
मला त्याहून भारी वाटतं ते वेगळंच. चर्चच्या सभेत सगळ्यांसमोर गुडघे टेकून पाप कबूल केलं, मंडळींनी माफ केलं, की तो विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. तुमचा सुतार दहा वर्षांपूर्वी असाच सुटला असेल तर? अख्ख्या वस्तीला ठाऊक, पोलिसांना कुणी सांगणार नाही. आणि जिच्या बाबतीत ते घडलं, त्या लहान मुलीला माफीचं कुणी विचारलंच नाही.

रातकिडा:
बाप रे. मिशी उडवली, बग्गी काळी केली. पोलिसांना चकवायला बटण ठेवलं, म्हणजे ठेवणारा आतलाच! शेजारीण म्हणजे तीच मुलगी केली तर? वय किती धरू?

कोलंबसवाली:
एकोणीस-वीस. बाप्तिस्मा अजून न घेतलेली. तो मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने घेतात, आणि वाळीत टाकतात ते घेतलेल्यांनाच. म्हणजे तिला तोंड उघडायचं तर आत्ताच.