मे महिन्याच्या सुट्टीसाठी मराठी पुस्तके सुचवा : वय चौदा, मराठी वाचनाचा सराव मात्र तिसरीतला

नमस्कार. माझी बहीण बेंगळुरूला असते आणि तिची दोन्ही मुले एप्रिलच्या मध्यापासून आमच्याकडे सांगलीला राहायला येणार आहेत. भाची चौदा वर्षांची असून यंदा नववीत जाईल, तर भाचा दहा वर्षांचा आहे. घरात सगळे मराठीच बोलतात, त्यामुळे दोघांचेही बोलणे अस्खलित आहे. शाळेत मात्र त्यांना इंग्रजी, कन्नड आणि हिंदी या तीनच भाषा आहेत. हिंदीमुळे देवनागरी येते आणि जोडाक्षरेही अडत नाहीत, तरी मराठीचे सलग पान वाचायला भाचीला फार वेळ लागतो आणि चार पानांत ती दमते. ही दोघे आली की शेजारचा सातवीतला मुलगाही दिवसभर आमच्याकडेच असतो. तो मराठी माध्यमात शिकतो आणि हाताला लागेल ते वाचतो, अगदी भेळेचा कागदसुद्धा, त्यामुळे त्याची मला काळजी नाही.

खरा प्रश्न भाचीचा आहे. इंग्रजीत ती जाडजूड रहस्यकथा आणि कादंबऱ्या वाचते, ज्यांत खून असतो, घरातले ताणतणाव असतात, मुलांना न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी असतात. मराठीत तिला झेपेल अशी भाषा ज्या पुस्तकांत आहे त्यांतला मजकूर तिला बाळबोध वाटतो आणि ज्यांचा मजकूर तिच्या वयाला साजेसा आहे त्यांची भाषा पहिल्याच पानावर तिला थोपवते. दुकानात चौदा वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक मागितले की समोर तात्पर्यकथा, थोरांची चाळीस पानी चरित्रे आणि स्पर्धापरीक्षेची सामान्यज्ञानाची पुस्तके येतात. सुट्टीत मुलांवर संस्कार झालेच पाहिजेत असा आपला हट्ट का असतो, हे मला कळत नाही. सुट्टीतल्या पुस्तकाने मुलाला दुपारभर जागचे हलू देऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आतापर्यंत काय झाले ते सांगतो, म्हणजे सुचवणे सोपे जाईल. दिवाळीच्या सुट्टीत भा. रा. भागवतांचे ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ तिने पूर्ण वाचले. मराठी वाचताना ती ओळीखाली बोट ठेवते. पाठलाग सुरू झाला की ते बोट सुटते आणि पाने भराभर उलटतात, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. म्हणजे गती येऊ शकते, ओढ मात्र तेवढी हवी. पुस्तक मिटल्यावर तिचा शेरा असा होता की फेणे आवडला, पण तो भावाच्या वयाचा वाटतो. तिचे म्हणणे रास्त आहे. भाच्याला मात्र फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेल्या या पोराचे वेड लागले आहे आणि दर वाक्यानंतर ‘ट्टॉक्’ करण्याची सवयही लागली आहे. त्याच्यासाठी याच मालिकेतली आणखी पुस्तके आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणून ठेवणार आहे.

‘श्यामची आई’ तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने मन लावून ऐकले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे कळल्यावर तिचे कुतूहल आणखी वाढले. स्वतः वाचू लागली तेव्हा मात्र कोकणातल्या जुन्या घरातले सण, सोवळेओवळे आणि नातीगोती यांपाशी ती पुन्हापुन्हा थांबत होती. प्रकाश नारायण संतांचा लंपन तिच्या मनाला सगळ्यात जवळचा वाटेल अशी माझी खात्री आहे, कारण आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते हे ‘वनवास’मध्ये जसे आले आहे तसे क्वचितच कुठे येते. परंतु त्यातली बेळगावकडच्या वळणाची भाषा तिला सुरुवातीलाच जड जाईल की कन्नड येत असल्यामुळे उलट सोपी वाटेल, याचा मला अंदाज येत नाही.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे : भाषा सुटसुटीत, प्रकरणे लहान आणि विषय मात्र मोठ्या मुलांचा, अशी कोणती मराठी पुस्तके आपल्या घरात किंवा वर्गात प्रत्यक्ष वाचली गेली? नुसती यादी नको, वाचणारे मूल कुठे अडले आणि कुठे रमले हेही लिहिले तर फार उपयोग होईल. अनुवाद चालतील. पुस्तक मुद्रित असावे, कारण मोबाईल हातात दिला की वाचन तिथेच संपते.

प्रतिसाद १

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आपण मांडलेली अडचण आता शहरातल्या निम्म्या घरांत आहे. माझे पहिले सुचवणे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली आलेली ही कादंबरी लहानशी आहे, वाक्ये छोटी आहेत आणि नायक म्हणजे धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला, स्वतःच जेमतेम मिसरूड फुटलेला मास्तर. गावात मुलांपेक्षा मेंढरे जास्त, शाळेत येणारे कोणी नाही, आणि म्हातारा कारभारी जोखतोय की हे पोर काय शिकवणार. चौदा वर्षांच्या वाचकाला त्या मास्तराचे अवघडलेपण लगेच कळते. संवादांतली माणदेशी बोली अडते, म्हणून पहिली दोन-तीन प्रकरणे आपण मोठ्याने वाचावीत. कानाला बोलीची सवय झाली की डोळ्यांना ती अडत नाही. अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. तो भाग मात्र तिला एकटीला वाचू द्यावा.

दुसरे, विलास मनोहर यांचे ‘नेगल’. हेमलकशाला आमटे कुटुंबाने सांभाळलेल्या वन्य प्राण्यांच्या या हकीकती आहेत आणि पुस्तकाला नाव मिळाले आहे ते एका बिबट्याचे. प्रसंग सुटे असल्यामुळे दमलेल्या वाचकाला मध्येच थांबता येते, आणि प्राण्यांचे मरणही लेखकाने लपवलेले नाही. माझ्या वर्गातल्या, मराठीला नाक मुरडणाऱ्या मुलांनी हे पुस्तक एकमेकांच्या हातून ओढून नेले आहे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) याच्यानंतर द्यावे. ते चरित्र असले तरी आपण म्हणता त्या चाळीस पानी जातीतले नाही. गुलामीत जन्मलेल्या, आईपासून तुटलेल्या तान्ह्या पोराला एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळवले जाते, अशी त्याची सुरुवात आहे. लंपन जूनपर्यंत थांबू द्या. तो आधी घाईने वाचला, तर त्यातली मजा जाते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक निराळी वाट सुचवतो. आमच्या घरी अशीच तीन वेगवेगळ्या वयांची मुले असतात आणि आम्ही त्यांना नाटके वाचायला देतो. रत्नाकर मतकरींचे ‘निम्मा शिम्मा राक्षस’ किंवा ‘अलबत्त्या गलबत्त्या’ घ्या आणि भूमिका वाटून टाका. संवाद लहान असतात, आपली पाळी येईपर्यंत पुढची ओळ मनात वाचून ठेवता येते आणि चेटकिणीच्या आवाजात वाचताना कोण अडखळले याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आपला सातवीतला शेजारी इथे फार कामाचा ठरेल. नाटक धाकट्याच्या वयाचे आहे ही तक्रारही मग राहत नाही, कारण मोठी बहीण दिग्दर्शक होते.

भाचीला रहस्यकथांची आवड आहे, तर सत्यजित राय यांचा फेलूदा मराठी अनुवादात मिळतो. तिला विज्ञानही आवडत असेल, तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह पाहा. त्यातली संकल्पना तिला इंग्रजीतून आधीच ठाऊक असते, त्यामुळे अवघड मराठी शब्द संदर्भाने उलगडतात. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, हा किस्सा आधी सांगून पुस्तक हातात द्यावे.

आणि तिला नेमके काय आवडते हे ठरत नसेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे कुमार गटाचे दोन भाग आणा. चांगल्या मराठी पुस्तकांतले वेचे त्यात विषयवार दिले आहेत. जो वेचा ती आपणहून दुसऱ्यांदा वाचेल, त्याचे मूळ पुस्तक शोधायचे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘वाचू आनंदे’ आजच मागवतो, ‘बनगरवाडी’ घरात आहेच आणि पहिली प्रकरणे मीच वाचीन. नाटकाची कल्पना बहिणीला कळवली, तर तिने मुलांना विचारून भूमिका ठरवूनही टाकल्या. मला राक्षस मिळाला आहे. ‘नेगल’ आमच्या वाचनालयात नोंदलेले आहे, पण बाहेर गेलेले आहे, म्हणून विकत घेईन.

एक विचारायचे राहिले. भाच्याला हल्ली सापांचे वेड आहे. विषारी-बिनविषारी ओळखण्यापलीकडे जाणारे, त्याला स्वतः वाचता येईल असे एखादे मराठी पुस्तक कोणाच्या मुलाने वाचले असल्यास कळवावे. चित्रे किंवा छायाचित्रे रंगीत असतील तर उत्तम, कारण काळ्या-पांढऱ्या छपाईत मण्यार आणि कवड्या त्याला सारखेच दिसतात.