दहावीच्या इंग्रजीसाठी व्याकरण, शब्द आणि उच्चार यांचा घरी सराव कसा करून घ्यावा?

रेणाकाठचा पालक (रेणापूर तालुका, जि. लातूर)

नमस्कार. माझी मुलगी गावातल्याच मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत शिकते. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. गणित आणि विज्ञानाची मला काळजी नाही, परंतु इंग्रजीबाबत एक गोष्ट मला उलगडत नाही आणि त्यासाठी आपणा सर्वांचा सल्ला हवा आहे.

गाइडमधले रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न ती बहुतेक बरोबर सोडवते. काळ ओळखा, प्रयोग बदला, अप्रत्यक्ष कथन करा असे विचारले की नियमही घडाघडा म्हणून दाखवते. मात्र परवा घटक चाचणीच्या पेपरात तिने लिहिलेले पत्र पाहिले, तेव्हा त्यात ‘आय हॅड गॉन टू माय अंकल्स व्हिलेज यस्टरडे’ आणि पुढे ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग टुमारो’ अशी वाक्ये होती आणि दोन्हींखाली लाल रेघ होती. नियम पाठ असूनही स्वतःचे वाक्य लिहिताना तो कुठे जातो, हेच मला कळत नाही. वर्गात मोठ्याने वाचताना तिने बुधवारचा इंग्रजी शब्द ‘वेडनेसडे’ असा प्रत्येक अक्षर उच्चारून वाचला, मुले हसली, आणि तेव्हापासून ती तोंडी परीक्षेचे नाव काढले तरी गप्प होते.

लातूरला शिकवणीस पाठवावे तर संध्याकाळी परतीच्या एसटीची खात्री नाही, आणि अंधार पडल्यावर मुलीला एकटीने फाट्यावर उतरावे लागेल हे आम्हाला मान्य नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, त्यामुळे मी समोर बसू शकतो, पण शिकवू शकत नाही. रात्रीच्या जेवणानंतर आमच्याकडे रोज एक तास असतो आणि घरात एकच मोबाइल आहे. एवढ्यात काय करावे आणि कशापासून सुरुवात करावी, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

निवृत्त शिक्षक, परभणी

आपण दिलेली दोन्ही वाक्ये मी लक्षपूर्वक वाचली. तीस वर्षे मराठी माध्यमाच्या वर्गांत इंग्रजी शिकवल्यानंतर मी आपल्याला खात्रीने सांगतो की आपली मुलगी व्याकरणात कच्ची नाही. ती मराठीत नीट विचार करते आणि तो विचार शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवते, एवढेच घडते आहे. म्हणून तिला आणखी नियम पाठ करायला लावू नका. मराठी कुठे एका वाटेने जाते आणि इंग्रजी कुठे दुसऱ्या, हे तिच्याच वाक्यांतून तिला दाखवा.

पहिले वाक्य घ्या. ‘काल मी मामाच्या गावी गेले होते’ हे मराठीतले अगदी साधे, रोजचे वाक्य आहे. त्यात ‘होते’ आहे म्हणून ती इंग्रजीत ‘हॅड’ आणते. इंग्रजीला मात्र ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे सांगण्यासाठी, म्हणजे ‘मी स्टँडवर पोचले तेव्हा बस निघून गेली होती’ अशा ठिकाणी: ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’. जिथे घटना एकच आहे आणि ‘काल’ असे स्पष्ट म्हटले आहे, तिथे ‘आय वेंट’ पुरते. माझ्या वर्गातली बहुतेक मुले ही चूक करीत आणि ज्या दिवशी त्यांना हे ‘होते’चे गुपित कळे, त्या दिवसापासून ती एकमेकांच्या वह्यांत ते शोधू लागत.

दुसऱ्या वाक्याचेही तसेच आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘मी’ म्हणजे तोच, हे ऐकणाऱ्याला कळते. मराठी बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवते आणि मध्ये फक्त ‘की’ घालते. इंग्रजी तसे करू देत नाही. तिथे सांगणारा आपल्या जागेवरून बोलतो, म्हणून ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ एक पाऊल मागे जातो आणि ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. हे एकदा समजले की अप्रत्यक्ष कथनाचा तक्ता पाठ करण्याचे ओझे पुष्कळच कमी होते.

‘पासून’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. ‘वीस वर्षांपासून’ आणि ‘२००६ पासून’ यांत आपल्याला फरक वाटत नाही, म्हणून मुले दोन्हीकडे ‘सिन्स’ लिहितात. कालावधी मोजून सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’. शिवाय मराठीत आपण ‘बाबा वीस वर्षांपासून शेती करतात’ असा साधा वर्तमानकाळ वापरतो, तर इंग्रजीत ‘माय फादर हॅज बीन फार्मिंग फॉर ट्वेंटी यिअर्स’ असे म्हणावे लागते. क्वेश्चन टॅगचे कारणही असेच आहे. आपले एकटे ‘ना?’ सगळीकडे चालते, इंग्रजीत मात्र प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाप्रमाणे ते नव्याने घडवावे लागते.

आता आपल्या भागाच्या बोलीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिचा उपयोग मी वर्षानुवर्षे केला आहे. साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांत मुले नेहमी गोंधळतात, आणि पुस्तकी मराठीतले ‘मी जाते’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी चालत असल्यामुळे तो गोंधळ वाढतो. लातूर-धाराशिवकडच्या घरांत मात्र ‘काय करायलीस?’ असे विचारतात आणि ‘अभ्यास करायलेय’ असे उत्तर येते. हे ‘करायलेय’ म्हणजेच इंग्रजीतला ‘आय अ‍ॅम डुइंग’, आणि ‘रोज करते’ म्हणजे ‘आय डू’. ज्या बोलीला वर्गात अशुद्ध म्हणून गप्प केले जाते, तिच्यात हा भेद स्वच्छ आहे. मुलीला सांगा की जिथे घरी ‘करायलेय’ म्हणशील तिथे ‘-इंग’ लाव. एका संध्याकाळीत तिला हे कळेल.

कामाची पद्धत अशी ठेवा. एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूला तिने त्या दिवशी घरात खरोखर घडलेल्या पाच गोष्टी, जशा घरी बोलतो तशा मराठीत लिहाव्यात, आणि उजव्या बाजूला इंग्रजीत. वाक्य लिहून झाले की ते मोठ्याने वाचावे. आपल्याला इंग्रजी शिकवायचे नाही. आपण फक्त प्रत्येक वाक्यापाशी विचारायचे: ‘क्रियापद कर्त्यानंतर लगेच आले का? कर्ता एकवचनी तो, ती किंवा ते असेल तर वर्तमानकाळात एस लागला का? नामाआधी ए, अ‍ॅन किंवा द हवे होते का?’ हे तीन प्रश्न विचारायला बारावीचे शिक्षण पुष्कळ झाले. ज्या वाक्याची शंका राहील त्यावर खूण करून शाळेतल्या शिक्षकांना दाखवावे.

नर्सिंगची विद्यार्थिनी, नांदेड

काका, मीसुद्धा मराठी माध्यमातूनच आले आहे आणि वाचताना मुले हसल्यावर काय वाटते ते मला ठाऊक आहे. तिला आधी एवढे सांगा की ‘वेडनेसडे’ वाचण्यात तिची चूक नव्हती. देवनागरीत जे लिहिले ते जवळजवळ तसेच वाचायचे असते, म्हणून आपल्याला प्रत्येक अक्षराचा मान राखायची सवय असते. इंग्रजीत ‘वेन्झडे’मधला डी, ‘आयलंड’मधला एस आणि ‘नाइफ’मधला के लिहायचा, पण उच्चारायचा नाही. अशा शब्दांसाठी मी वहीचे शेवटचे पान राखून ठेवले होते आणि मुक्या अक्षराभोवती पेन्सिलीने गोल करत असे.

मोबाइलमध्ये उच्चार ऐकवणारा एखादा शब्दकोश घ्यावा. शब्द आधी ऐकावा, मग स्वतः म्हणून ध्वनिमुद्रित करावा आणि दोन्ही लागोपाठ ऐकावेत. स्वतःचा आवाज ऐकायला दोन दिवस संकोच वाटतो, नंतर वाटत नाही. गाइडमध्ये शब्दाखाली देवनागरीत छापलेल्या उच्चारावर मात्र पूर्ण विसंबू नये, कारण आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज मावत नाहीत. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि ‘वेस्ट’ म्हणताना दात कुठेच न टेकता ओठ गोल होतात. आरशासमोर हे दोन शब्द दहा वेळा म्हणून पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो. ‘झू’चेही तसेच: मराठी ‘जहाज’ म्हणताना जीभ क्षणभर वर टेकते, इंग्रजीत ती टेकू न देता मधमाशीसारखा आवाज चालू ठेवायचा असतो.

भूतकाळाच्या ‘ईडी’कडे विशेष लक्ष द्यावे. ती प्रत्येक वेळी ‘एड’ अशी वाचायची नसते. ‘वर्क्ड’च्या शेवटी ट ऐकू येतो, ‘प्लेड’च्या शेवटी ड, आणि ‘वाँटेड’सारख्या शब्दांत, म्हणजे मूळ क्रियापद टी किंवा डीच्या आवाजाने संपत असेल तेव्हाच, वेगळा ‘इड’ येतो. शब्दावरचा जोरही ऐकून शिकावा. ‘फोटोग्राफ’मध्ये तो सुरुवातीला असतो, पण ‘फटॉग्रफर’ म्हणताना पुढे सरकतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतात. तोंडी परीक्षेत कोणी विलायती उच्चाराची अपेक्षा करत नाही. सावकाश, शब्दांची शेवटची अक्षरे न गिळता आणि विरामचिन्हापाशी थांबून वाचले की ऐकणाऱ्याला समजते. रोज पाठ्यपुस्तकातला एकच परिच्छेद, आजीला किंवा धाकट्या भावंडाला समोर बसवून, तीन वेळा वाचावा.

माध्यमिक शिक्षिका, जालना

वरच्या सरांचे म्हणणे मला मनापासून पटते, परंतु परीक्षा तीन महिन्यांवर असताना एका मुद्द्यावर मी थोडे वेगळे सांगेन. सगळा तास स्वतःच्या वाक्यांना देऊ नका. मराठी माध्यमाला लेखी परीक्षा ८० गुणांची आहे आणि उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. कृतिपत्रिकेत, म्हणजे लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, पहिला विभाग भाषाभ्यासाचा, १० गुणांचा, आणि शेवटचा भाषांतराचा, ५ गुणांचा असतो. हे १५ गुण सरावाने हमखास मिळणारे आहेत, आणि मुले ते पाठांतराच्या नादात सोडून देतात.

भाषाभ्यासात शब्दातली गाळलेली अक्षरे भरणे, शब्द वर्णानुक्रमे लावणे, विरामचिन्हे देणे, दिलेल्या शब्दाच्या अक्षरांतून किमान तीन अक्षरी चार शब्द तयार करणे, एखाद्या विषयाशी संबंधित शब्द लिहिणे अशा कृती येतात. यासाठी शंभर-शंभर शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा घरातले शब्द कामाला लावावेत. घरी शेती असेल, तर मोटार, स्टार्टर, व्हॉल्व्ह, फ्यूज, स्प्रिंकलर, क्विंटल, मार्केट यार्ड हे शब्द ती रोज ऐकते. तिला फक्त त्यांचे स्पेलिंग येत नाही. बियाण्याच्या पिशवीवर आणि खताच्या पोत्यावर पुष्कळ इंग्रजी मजकूर छापलेला असतो, तो तिने वाचावा आणि उतरवून घ्यावा. ‘फार्म’ या विषयावर शब्द लिहायला सांगितले तर अशी मुलगी शहरातल्या मुलीपेक्षा मागे पडू नये. अक्षरांतून शब्द तयार करण्यासाठी लांब शब्द घ्यावा. ‘अ‍ॅग्रिकल्चर’मधून टायगर, आर्टिकल, ग्रेट, रूलर हे सहज निघतात, आणि हा सराव जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून करता येतो.

विरामचिन्हांत आपल्या मुलांचा गुण जातो तो बहुधा कॅपिटल अक्षरामुळे. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसते, म्हणून लातूरचा एल आणि ‘मी’ या अर्थाचा आय लहान राहून जातो. तपासताना आधी तेवढेच पाहावे. भाषांतराविषयी इतकेच सांगते की तिथे चांगले मराठी लिहायचे असते, म्हणून शब्दाला शब्द न ठेवता आपण घरी ते कसे म्हणू याचा विचार करून लिहावे.

रेणाकाठचा पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्रीच वहीत रेघ मारली. चाळीस मिनिटे वाक्ये आणि वीस मिनिटे कृतिपत्रिका अशी वाटणी केली आहे. ‘आई भाकरी करायलीय’ याच्यासमोर तिने न विचारता ‘मदर इज मेकिंग भाकरी’ लिहिले आणि पुढे स्वतःहून ‘शी मेक्स भाकरी एव्हरी डे’ हे वाक्य जोडले. ‘मेक्स’चा एस मला विचारावा लागला नाही. आरशासमोर व्हेस्ट आणि वेस्ट म्हणताना तिच्या आजीनेही ओठ गोल करून पाहिले.

एका वाक्याशी मात्र आम्ही दोघेही अडलो. ‘आजीचा गुडघा दोन महिन्यांपासून दुखायलाय’ याचे तिने ‘ग्रँडमदर्स नी इज पेनिंग सिन्स टू मंथ्स’ असे केले आहे. ‘सिन्स’ चुकले हे तिला लगेच समजले, पण ‘फॉर’ लिहूनही वाक्य बरोबर वाटत नाही.

निवृत्त शिक्षक, परभणी

तिला शंका आली हेच मला फार आवडले. ‘पेन’ हा शब्द इंग्रजीत अशा ठिकाणी नाम म्हणून येतो. दुखण्याच्या क्रियेला ‘हर्ट’ किंवा (‘हेडेक’मधला) ‘एक’ हे शब्द आहेत. दुखणे दोन महिन्यांपूर्वी सुरू झाले आणि अजून चालू आहे, म्हणून ‘इज’ पुरत नाही, तिथे ‘हॅज बीन’ हवे: ‘ग्रँडमदर्स नी हॅज बीन हर्टिंग फॉर टू मंथ्स’. शेतीच्या वाक्यातही हीच रचना आहे, ती दोन्ही वाक्ये तिला वहीत एकाखाली एक लिहायला सांगावीत. पुढच्या आठवड्यात ज्या वाक्यांवर खुणा उरतील, ती इथेच लिहावीत. मी रोज रात्री नऊनंतर पाहतो.