'आधी मजला चढवा, परवानगी नंतर बघू' म्हणणाऱ्यांना

सहकारनगरी:
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं की पुण्यात बंगल्यावर मजला चढवायला परवानगी काढत बसणं हा बावळटपणा आहे, सरळ बांधून टाका, नोटीस आलीच तर दंड भरला की रेग्युलराइज होतं. आणि खाली लोक टाळ्या वाजवतायत. अहो जे नियमात बसतं तेच दंड भरून आत घेता येतं. आपल्या गल्ल्या सहा मीटरच्या. नऊ मीटरच्या आत रस्ता असला की युडीसीपीआर म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) 1.10, प्रीमियम म्हणजे विकतचा जादा एफएसआय नाही, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क नाही, पैसे भरून जिना-बाल्कनी वगैरेंसाठीचा अ‍ॅन्सिलरी मिळतो तेवढाच. त्यात जिना काढलाय साईड मार्जिनमधे, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, तो कुठला दंड भरून आत ढकलणार? विकायला काढाल तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा मागतो. नकाशात गॅरेजच्या वर ओपन टेरेस आणि जागेवर टू बीएचके, तो तेवढा भाग सरळ शून्य धरतो. मामेभावाचं हेच झालं, गिऱ्हाइकाने व्हॅल्युअरसमोरच भाव पाडला.

फाईल_अडकली:
बोलायला काय जातंय. मी गेलो ना कायद्याने. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबा, म्हणून आधी वारसनोंद, मग मोजणी जुनी म्हणून नवीन मोजणी, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, मग सोसायटीची एनओसी, आणि चेअरमन कोण तर शेजारचेच काका ज्यांच्या बाल्कनीतलं ऊन आमच्या मजल्याने जाणार. आर्किटेक्टने ड्रॉइंग ऑनलाइन टाकलं की लेअरचं नाव चुकलं म्हणून परत. तोवर मागच्या गल्लीतल्याने विनापरवाना मजला चढवून भाडेकरूसुद्धा ठेवले. सरकार त्याच्याच बाजूचं आहे हो, गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरची घरं नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा, 2021 ला बदल करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं आत घेतली. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामावरचा दंडाचा कर, 2023 ला माफ. ज्यांनी प्रामाणिकपणे भरला ते बसले हात चोळत.

निवृत्त_ओव्हरसीअर:
गुंठेवारी तुमच्या मंजूर लेआउटमधल्या बंगल्याला लागू नाही, उगाच काहीही जोडू नका. शास्तीकर माफ झाला म्हणजे कर माफ झाला, बांधकाम अधिकृत झालं नाही. आणि सुप्रीम कोर्टाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात स्वच्छ सांगितलंय, बांधकाम जुनं आहे, पैसे घातलेत, अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला, यातल्या कशानेही बेकायदा ते कायदेशीर होत नाही.

फाईल_अडकली:
काणाडोळा कोण करत होतं साहेब, निवृत्त व्हायच्या आधी?

निवृत्त_ओव्हरसीअर:
पातळी दाखवलीत. एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम 45 मधे 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरता येतं, ते वापरलंत का?

फाईल_अडकली:
वापरतो की. साठावा दिवस जवळ आला की एक त्रुटी निघते, हे तुम्हाला मी सांगायचं का?

पेठेतला_बाळ:
मजल्याचं राहू द्या, गच्चीवरच्या पत्र्यांचं बोला कुणीतरी! आमच्या समोर आधी 'गळतंय' म्हणून पत्रे आले, मग वाऱ्याने पाऊस आत येतो म्हणून दोन बाजू बंद, मग टाइल्स, मग एसी, आता तिथे योगा क्लास चालतो. पावसात त्या पत्र्यांचा आवाज म्हणजे रात्रभर ताशा. मे महिन्यात वळवाला एक पत्रा उडून आमच्या स्कूटरवर आला, सीट उभी फाटली.

कर्वेनगर_तिसरा_मजला:
मग गळणाऱ्या घरात राहायचं का? आम्ही टॉप फ्लोअरवाले ब्रिकबॅट कोबा करून झालं, केमिकल करून झालं, तरी ऑगस्टमधे बेडरूममधे बादली. खालचे म्हणतात गच्ची सगळ्यांची आणि खर्च निघाला की गच्ची फक्त तुमची. पत्रे टाकले तेव्हा कुठे भिंत सुकली.

पेठेतला_बाळ:
पत्रे टाका हो, बाजू कशाला बंद करता? बंद केलं की एफएसआयमधे धरतात.

कर्वेनगर_तिसरा_मजला:
आमच्या बाजू उघड्या आहेत. येऊन बघा.

पेठेतला_बाळ:
आणि लोखंडी गेट, कुलूप? ते कबुतरांसाठी का?

कर्वेनगर_तिसरा_मजला:
कुलूप खालच्यांच्या पोरांसाठी आहे, रात्री बाटल्या घेऊन वर जातात. माहीत नसेल तर बोलू नये.

बावधन_आई:
भांडण थांबवा जरा, घरपट्टीतल्या 40 टक्के सवलतीचा पीटी-3 फॉर्म भरलाय का कुणी? आमची सवलत परत गेलीये. पत्र्यामुळे का?

निवृत्त_ओव्हरसीअर:
ताई, ती सवलत स्वतः राहता त्याची आहे, पत्र्याचा संबंध नाही. मात्र बेकायदा बांधकाम म्हणून नोंद झाली तर महापालिका कायद्याच्या कलम 267 अ प्रमाणे कराच्या दुपटीपर्यंत शास्ती वर येऊ शकते, म्हणजे एकूण तिपटीपर्यंत.

सहकारनगरी:
धागा माझा होता बहुतेक. फाईलवाल्यांना एवढंच, तुमचे हाल खरे आहेत, यादीत एक ओळ खोटी नाही. पण एनओसी चेअरमनच्या उन्हावर अडली असेल तर ते भांडण सोसायटीच्या एजीएममधे घाला, त्याचं उत्तर चोरून स्लॅब टाकणं नाही.

फाईल_अडकली:
धन्यवाद, खरे आहेत म्हणालात तेच खूप झालं. एजीएमचा अध्यक्ष तोच काका आहे.

जोता_चेक:
प्लॉट 150 चौरस मीटरच्या आत असेल तर युडीसीपीआरमधे परवानगीची सोपी पद्धत आहे, आर्किटेक्टकडून कागद सादर करून पैसे भरले की पोच हीच परवानगी. 300 पर्यंत असेल तर 10 दिवसांची तरतूद. फाईलवाले, तुमचा प्लॉट किती?

फाईल_अडकली:
310.

पेठेतला_बाळ:
दहा मीटर शेजारच्या काकांना देऊन टाका, एनओसीपण मिळेल.