गॅमा मारूनही हळदीत जंतू निघाले, मदत हवी

हळदघर_सांगली
गेल्या महिन्यात राजापुरी हळदीची 40 पोती विकिरण प्लँटवरून गॅमा मारून (जंतू मारायला गॅमा किरणं देऊन) आणली. परवा ग्राहकाचा लॅब रिपोर्ट आला, ग्रॅमला 22,000 जंतू. त्यांची मर्यादा 10,000. पैसे अडकलेत आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. प्लँटवाले म्हणतात डोस बरोबर दिलाय. किरणांनीही न मरणारे जंतू असतात का? लवकर सांगा, घरात कुणाला झोप नाही.

मास्तर_सातारा
असतात! 1956 साली अमेरिकेत ओरेगनमध्ये आर्थर अँडरसन या शास्त्रज्ञांना गॅमा दिलेल्या डबाबंद मांसात एक जिवाणू सापडला, डायनोकोकस रेडिओड्युरन्स. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. माणसाला 5 ग्रे जिवावर बेततात, हा 5,000 ग्रे सोसतो. किरणांनी त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात, पण त्याच्याकडे जनुकसंचाच्या 4 ते 10 प्रती असतात. एका प्रतीतला तुटका भाग दुसरीवरून जुळवत काही तासांत सगळं पूर्ववत करतो. शिवाय पेशीतलं मँगनीज दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना जपतं. नववीच्या वर्गात हे सांगतो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही ऐकतात.

वेदांगी_मायक्रो
मास्तर, माहिती बरोबर आहे, पण त्यांच्या हळदीत डायनोकोकस शोधायला नको. मसाल्यात टिकतात ते बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं निद्रिस्त, चिवट रूप. बीजाणूच्या गाभ्यात पाणी अगदी कमी असतं. किरणांचं बरंचसं नुकसान पाण्यापासून बनणाऱ्या रॅडिकल्समुळे (चटकन रासायनिक क्रिया करणाऱ्या कणांमुळे) होतं, तेच तिथे कमी तयार होतात. वर डीएनएला चिकटलेली छोटी प्रथिनं त्याला सांभाळतात.
धागाकर्ते, डोस किती? किरणांआधीचा रिपोर्ट? साल्मोनेला, ई. कोलाय हे आजार करणारे जंतू तपासले का?

बेदाणा_तासगाव
एवढं कशाला? मी बेदाण्याच्या पट्ट्यावर यूव्हीचे दिवे बसवलेत. तुम्हीही बसवा.

वेदांगी_मायक्रो
दादा, यूव्ही वरच्या थरापुरतं. दाण्याच्या सुरकुतीत, पुडीच्या आत ते पोचत नाही. गॅमा पोत्याच्या आरपार जातात.

वाफवाला
किरणं सोडा, वाफ द्या. मी सहा वर्षं मिरीला वाफच देतोय, एक लॉट परत आला नाही.

मास्तर_सातारा
वाफेनंतर हळद पुन्हा नीट सुकवावी लागेल. ओल राहिली तर बुरशी धरेल, मग काय करायचं?

वाफवाला
सुकवणी नीट केली तर नाही धरत. मास्तर, तुम्ही किती टन माल काढलाय?

लेकराची_आई_कराड
मध्येच विचारते. किरणं दिलेल्या हळदीत ती किरणं राहतात का? बाळाच्या दुधात घालते मी.

मास्तर_सातारा
नाही ताई. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांची ऊर्जा अन्न किरणोत्सारी करण्याइतकी नसते. हाताचा एक्सरे काढला म्हणून हातात किरणं उरतात का? तसंच. निर्धास्त घाला.

हरिपूरकर
अवांतर: आमच्याकडे पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की काही नाही. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. फार वाईट वाटतं.

हळदघर_सांगली
सर्टिफिकेटवर 8 किलोग्रे (8,000 ग्रे) आहे. साल्मोनेला, ई. कोलाय दोन्ही नाहीत. आधीचा रिपोर्ट काढलाच नव्हता.

बेदाणा_तासगाव
मग परत एकदा गॅमा मारून आणा, विषय मिटेल.

वेदांगी_मायक्रो
नका आणू! एकदा किरणं दिलेलं अन्न वेगळ्या परवानगीशिवाय पुन्हा विकिरणाला देता येत नाही. मसाल्यांना आपल्याकडे 6 ते 14 किलोग्रेची मुभा आहे, तेवढ्यात एकदाच बसवायचं असतं.
आता हिशेब बघा. बीजाणू चिवट धरू, दर 2 किलोग्रेला दहातला एक वाचतो. 8 किलोग्रेत हे चार वेळा झालं, म्हणजे 10 लाखांचे 100 राहायला हवेत. 22,000 उरायचे तर सुरुवातीला 22 कोटी हवेत. मला हे पटत नाही. जंतू नंतर आलेत. प्लँटवरून आल्यावर मालाचं काय केलंत? ग्राहकाला गेलं ते हळकुंड की पूड?

हळदघर_सांगली
पूडच की. हळकुंडांना गॅमा दिला, आणल्यावर दळून पाकिटं भरली. सगळे असंच करतात.

वेदांगी_मायक्रो
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, भाऊ. गॅमाने त्या क्षणी जे होते ते मेले, पुढचं राखण किरणं करत नाहीत. चक्कीतला जुना माल, चाळणी, मोकळी हवा, हात, सगळीकडून नवे जंतू येतात. म्हणून आधी दळायचं, पाकीट बंद करायचं आणि मग विकिरणाला पाठवायचं. न उघडलेलं एखादं पोतं आहे का?

मास्तर_सातारा
ताईंचं खरं आहे, मी घाई केली. डायनोकोकसची ताकदही कोरडेपणात टिकण्यातून आली असं मानतात, कारण सुकतानाही डीएनए तुटतो. वाळवलेल्या मालात चिवट जंतू उरू शकतात, हे म्हणूनच लक्षात घ्यावं.

हळदघर_सांगली
6 पोती शिल्लक आहेत, शिवण तशीच. एक आज लॅबला नेतो. दळलेल्या पाकिटांचं काय?

वेदांगी_मायक्रो
पोत्याची शिवण लॅबलाच उसवू द्या. सोबत चक्कीच्या तळाला साचलेली पूड आणि एक पाकीट द्या. तिन्हींचे आकडे शेजारी आले की प्लँटचा दोष की चक्कीचा, ते ग्राहकाला दाखवता येईल. तोवर दळलेला माल पाठवू नका.

हळदघर_सांगली
निघालोच. चक्की आजपासून बंद ठेवली.