बिफोर दे आर हँग्ड संपवलं. एवढी पायपीट करून हाती काहीच नाही? (स्पॉयलर आहेत, वाचलं नसेल तर धागा उघडू नका)

निवडुंग:
जो ॲबरक्रॉम्बीच्या फर्स्ट लॉ मालिकेतलं दुसरं पुस्तक काल रात्री संपवलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पहिलं, द ब्लेड इटसेल्फ, मला प्रचंड आवडलं होतं, त्यात फारसं काही घडतच नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार असते पण ती माणसं भेटली हेच मला पुरेसं होतं. आता दुसऱ्यात बायाझ हा म्हातारा जादूगार सगळ्यांना घेऊन जगाच्या पार टोकाला निघतो, लोगन, फेरो, जेझल, क्वाय, तो अखंड बडबडणारा वाटाड्या लाँगफुट, ऑल्कसच्या त्या ओसाड शहरातून जीव मुठीत धरून जातात, शेवटी शाबुल्यान बेटावर पोचतात आणि तिथे काय, तर एक साधा दगड!! ज्या बीजासाठी, म्हणजे त्या अफाट ताकदीच्या जादूच्या वस्तूसाठी, निघालो ते तिथे नाहीच. मग सगळे आले तसे परत.
मला खरंच राग आला. सहाशेच्या आसपास पानं वाचकाला फिरवायचं आणि रिकाम्या हाताने घरी पाठवायचं हे बरोबर आहे का? तुम्हाला काय वाटलं? आणि तिसरं घ्यावं का?

खारूताई:
राग येणं साहजिक आहे गं, पण मला तर तो दगड निघाला तिथेच पुस्तक जास्त आवडलं. फँटसीत सहसा काय होतं, वस्तू मिळते, तलवार नाहीतर अंगठी नाहीतर अजून काही, आणि वाटेत मेलेल्यांचं सार्थक होतं. इथे तसं काही नाही. पण जेझल बघ ना. पहिल्या पुस्तकात हा माणूस मला अक्षरशः सहन होत नव्हता, आरशासमोर उभा राहणारा, तलवारबाजीची स्पर्धा जिंकून अजूनच फुगलेला. मग या प्रवासात गदेचा एक फटका तोंडावर बसतो, जबडा मोडतो, दात जातात, आणि तो गाडीत आडवा पडून राहतो, धड बोलता येत नाही. ज्या लोगनला तो रानटी म्हणून नाक मुरडायचा तोच त्याच्याशी सगळ्यात नीट वागतो. त्या आधी शेकोटीजवळ लोगन आपल्या एकेका व्रणाची गोष्ट सांगतो तो भाग परत वाच, मग पुढचं फार लागतं. बीज मिळालं असतं तर आपण त्याच आनंदात राहिलो असतो आणि हे बदललेलं पोरगं आपल्या लक्षातच आलं नसतं असं मला वाटतं.

दगडफूल:
प्रवासाचं सोडा हो, माझ्यासाठी हे पुस्तक म्हणजे दागोस्का शहर. आणि चौकशी अधिकारी ग्लोक्टा. बस.
दोन वर्षं गुर्किश लोकांच्या कैदेत छळ सोसलेला माणूस, जिना दिसला की ज्याच्या पोटात गोळा येतो, दात असे उपटलेत की चावता येत नाही, आणि त्यालाच पाठवतात कुठे तर त्याच गुर्किश फौजेसमोर एक शहर राखायला, जे राखता येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पैसा नाही, माणसं नाहीत, आधीचा अधिकारी गायब. तरी तो करतो काय काय बघा, तटाबाहेरचा खंदक समुद्राला भिडेपर्यंत खणून घेतो, वरच्या शहरात ज्यांना पाऊल टाकायची बंदी होती त्या स्थानिकांच्या कादियाशी बोलणी करतो आणि त्यांचं मोठं देऊळ त्यांना परत देतो, तिथे व्यापाऱ्यांनी बाजार मांडला होता. व्हॅलिंट अँड बाल्क पेढीकडून दहा लाख मार्क उचलतो, बदल्यात काय द्यायचं हे न विचारता. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला कारण असलं कर्ज कधीच फुकट नसतं.
आणि आयडर, त्या शहरातल्या व्यापाऱ्यांची प्रमुख. पुस्तकाचं नाव जर्मन कवी हाइनेच्या एका वाक्यावरून घेतलंय, शत्रूला माफ करावं पण फासावर चढवल्याशिवाय नाही, असा त्याचा आशय. आता ग्लोक्टा काय करतो? जिने शहर शत्रूला विकायला काढलं होतं तिला तो जिवंत सोडतो. गुपचूप, कोणाला न सांगता, स्वतःची मान अडकेल हे माहीत असून. अख्ख्या पुस्तकाच्या नावाच्या उलट वागतो हा माणूस आणि स्वतःलाच विचारत राहतो की मी हे का करतोय, उत्तर त्याच्याकडे पण नाही. निवडुंग, तुम्ही रिकाम्या हाताने म्हणताय, मला तर या एका प्रसंगासाठी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

निवडुंग:
आयडरचं आणि नावाचं असं डोक्यात आलंच नव्हतं, मस्त. दागोस्का मलाही आवडलंच, त्याबद्दल वादच नाही. प्रवासाबद्दल मात्र मी अजून ठाम आहे, जेझलसाठी तो फटका गरजेचा होता हे कबूल पण मधली माळरानं फार लांबलीत, दहा दहा पानं नुसते घोड्यावर. अजून एक विचारते, सेनाधिकारी वेस्टने राजपुत्र लादिस्लाला कड्यावरून ढकललं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला आनंद झाला आणि लगेच मग कसंतरी वाटलं.

चिंचगुळ:
मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्या राजपुत्राने हट्टाने सैन्य मारून घेतलं, त्यानंतरही कपड्यांची आणि आपल्या मानाचीच काळजी, आणि वर सोबतच्या कॅथिल नावाच्या मुलीवर हात टाकतो. पण हाच वेस्ट पहिल्या पुस्तकात स्वतःच्या बहिणीवर, आर्डीवर, हात उचलतो हे विसरू नका. राग तोच आहे, आर्डीवर निघाला तेव्हा आपण त्याला शिव्या दिल्या आणि लादिस्लावर निघाला तेव्हा टाळ्या. लेखक ते कुठेही समजावून सांगत बसत नाही, म्हणून तुम्हाला कसंतरी झालं.
त्या म्हाताऱ्या योद्ध्याचं, थ्रीट्रीजचं, कोणीच काही बोललं नाही?? मी त्याच्या राक्षसी फेनरिसबरोबरच्या त्या लढाईनंतर पुस्तक बाजूला ठेवून दिलं होतं काही दिवस.

खारूताई:
थ्रीट्रीजचं नाव काढू नकोस, मी त्या पानांवर रडले आहे.
निवडुंग, तिसरं नक्की घे, लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज, २००८चं. शाबुल्यानचा विषय लेखकाने तिथे सोडून दिलेला नाही, एवढंच सांगते. आणि माळरानं जड जात असतील तर ऑडिओ ऐकून बघ, स्टीव्हन पेसीने वाचलंय, ग्लोक्टाचे दात नाहीत हे त्याच्या बोलण्यातून ऐकू येतं. मी दुसरं पुस्तक आधी वाचलं आणि मग ऐकलं, तेव्हा ते घोड्यावरचे भाग मला अजिबात लांबलेले वाटले नाहीत.

निवडुंग:
ऑडिओ घेते मग. आज रात्री आधी ते शेकोटीचं प्रकरण परत वाचते.