काळी रेषा पसरते त्याबद्दल

मांजराच्या पिल्लाचं चित्र छान जमलं, पण मार्कर फिरवताच काळी रेषा पसरून गाल मळकट झाले, असं तुम्ही लिहिलंय. दोष हाताचा नाही, शाईचा आहे. साध्या पर्मनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे वरून अल्कोहोल मार्कर, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळलेल्या रंगाचा मार्कर, फिरला की रेषा सुटते. पिगमेंट शाईचं (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) वॉटरप्रूफ फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन, घ्या आणि रेषा पूर्ण वाळू द्या. मी तर आता आधी रंगवते आणि रेषा शेवटी काढते. पेन्सिल मात्र अगदी फिकट हवी, रंगाखाली गेलेली पेन्सिल नीट खोडली जात नाही.

मार्करने रंग भरताना पट्टे दिसतात ते रंगाची कड मध्येच वाळल्यामुळे. एक भाग सलग, ओल्या कडेवरून पुढे सरकत भरायचा. रेषेच्या किंचित अलीकडे थांबा, रंग कागदात पसरून तिथवर पोचतो. सावलीला वेगळा मार्कर लागतोच असं नाही, पहिला थर वाळल्यावर त्याचाच दुसरा थर गडद दिसतो.

आणि चेहऱ्याचा गोडवा! प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल अशी बाळासारखी ठेवण दिसली की आपल्याला माया वाटते. म्हणून डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली, एकमेकांपासून जरा लांब काढून बघा. डोळ्यांतला चमकेचा ठिपका कोराच सोडा, दोन्हीकडे एकाच बाजूला. राहून गेला तर पांढरं जेल पेन आहेच, पण कोऱ्या कागदाची चमक मला जास्त आवडते.